सोनाबाईचे सात महिने

खांदा कॉलनीत तळमजल्यावरच्या एका खोलीत जनी एकटी राहते. एक खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, मागच्या बाजूला जाळी लावलेली गॅलरी आणि गॅलरीत तुळस. संध्याकाळी सात वाजले की ती दाराला आतून कडी घालते. मग सकाळी दूधवाला येईपर्यंत त्या कडीला दुसऱ्या कुणाचा हात लागत नाही. टीव्ही ती लावून ठेवते, पण बघत नाही. घरात माणसांचे आवाज असावेत, एवढ्यासाठीच तो चालू असतो.

लेक दिपिका पुण्याला असते. तिचा रोज नऊला फोन येतो, दहा मिनिटांचा. काय जेवलीस, गोळी घेतलीस का, दार नीट लावलंस का. तेच प्रश्न जनीही तिला विचारते. पण जानेवारीतल्या एका रात्री दिपिकाने फोनवर सांगितलं की तिने नोकरी सोडली. सांगितलं ते असं, जणू पावसाळी चपला बदलल्या. दुसरी मिळालीय, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, मधले पंधरा दिवस आराम. मिळालीय म्हणजे कागद हातात आहे का, असं जनीने तीनदा विचारलं.

त्यातूनच पीएफचा विषय निघाला. नोकरी सोडली तरी कापलेले पैसे कुठे जात नाहीत, हे दिपिकाने आईला समजावून सांगितलं. आपला भाग काढता येतो. पेन्शनचा जो भाग असतो तोही दहा वर्षं भरली नसतील तर काढता येतो, नाहीतर तसाच पुढच्या नोकरीला जोडून घेता येतो. तिची चारच वर्षं झाली होती. म्हणून ती सगळंच काढून टाकावं म्हणत होती.

"जोडून घे, काढू नको," जनी पटकन म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मोडलेलं काही जोडून ठेवता येत असेल तर ठेवावं, एवढंच तिच्या मनात होतं.

"बघते," दिपिका म्हणाली. मग तिलाच आठवलं. "आई, तुझंही कापत असतील ना कंपनीत? त्याचं काय झालं गं?"

काय झालं होतं, ते जनीने वीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

तळोज्याच्या एमआयडीसीत कोळंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. आता तो नाही. तेव्हा खाडीकाठच्या गावागावांतून त्याची बस फिरायची आणि पहाटे साडेपाचला बायका गोळा करून न्यायची. जनी शहाण्णव सालच्या जूनमध्ये त्या बसमध्ये चढली. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, आणि समोर बर्फाच्या पाण्यात कोळंबीचा ढीग. दिवसभरात बोटं पांढरी फटक पडत. घरी येऊन चुलीपुढे धरली की आधी दुखत, मग आपली वाटू लागत. आनंदाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अंगावरून वारं गेलं तेव्हा, दोन हजार सहाच्या जानेवारीअखेर, तिने काम सोडलं. पीएफचे पैसे मिळाले ते त्याच्या औषधपाण्यात गेले. पेन्शनचं काय, असं तिने विचारलं तेव्हा ऑफिसातला क्लार्क म्हणाला होता, ते म्हातारपणी बघा. आनंदा पुढे आठ वर्षं अंथरुणावर होता. तो गेल्यावर म्हातारपण आलं की नाही, ते बघायला तिला सवड झाली नाही.

येत्या फेब्रुवारीत तिला अठ्ठावन्न पूर्ण होत होती, म्हणजे पेन्शनचं वय. म्हणून ती दुसऱ्या दिवशी हेतलच्या दुकानात गेली. हेतल शाह कॉलनीतल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. आधार, वीजबिल, शाळाप्रवेश, सगळं. बोलता बोलता टाइप करते, आणि दोन्ही चोख करते. तिने जनीला तारखा विचारल्या, बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली की काकी, नऊ वर्षं आठ महिने झाली. साडेनऊच्या वर गेलं की दहा धरतात. म्हणजे तुम्हाला रोख मिळणार नाही, पण पेन्शन मिळेल, जिवंत असेपर्यंत. जास्त नाही, हजाराच्या आसपास. साडेनऊच्या आत असतं तर एकदाच काय ते देऊन विषय संपवला असता.

"जुना पीएफ नंबर द्या," हेतल म्हणाली. "तो असला की पुढचं मी बघते. तो नसेल तर तुमच्या नावाच्या छप्पन्न बायका निघतील."

नंबर जनीकडे नव्हता. गाव विमानतळाच्या जागेत गेलं तेव्हा सामान टेंपोत भरताना एक पत्र्याची पेटी मधल्यामध्ये गहाळ झाली. तिच्या चिठ्ठ्याचपाट्या, आनंदाचे रिपोर्ट, कंपनीचं कार्ड, सगळं त्या पेटीत होतं. उद्या आणते, असं सांगून ती दुकानाबाहेर पडली आणि समोरच्या कट्ट्यावर बसून राहिली. नऊ वर्षं आठ महिन्यांतून तिने सात महिने वजा केले. नऊ वर्षं एक महिना. पुन्हा वजा केले. उत्तर तेच आलं.

ते सात महिने तिचे नव्हते. ते सोनाबाईचे होते.

सोनाबाई तिची थोरली जाऊ. लग्नाला अकरा वर्षं होऊन गेल्यावर जनीला दिवस राहिले. सहावा महिना सरला तेव्हा डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की पाण्यात उभं राहायचं नाही, वजन उचलायचं नाही, पडून राहायचं. कंपनीत रजा मागितली तर मिळाली असती, पण परत आल्यावर जागा राहील याचा भरवसा नव्हता. सुपरवायझरनेच वाट दाखवली. घरातलं कुणी पाठव, तुझं नाव हलणार नाही, म्हणाला. टोपी आणि फडकं बांधल्यावर कोण कुठली कुणाला कळतंय? हात चालले म्हणजे झालं. गावात तेव्हा ते सर्रास चालायचं. एका नावावर जावा-जावा, नणंदा-भावजया आलटून पालटून बसमध्ये चढत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. जागा घराची, माणसाची नाही, असंच सगळे धरून चालत.

सोनाबाई सात महिने जनी म्हणून गेली. दर महिन्याला पगाराचं पाकीट न फोडता तिने जनीच्या उशाशी आणून ठेवलं. त्यातून कापले गेलेले पीएफचे पैसे तिच्या घामाचे होते आणि जमा झाले जनीच्या नावावर. त्याच दरम्यान कंपनीने सगळ्यांना नवी कार्डं दिली, पीएफ नंबर छापलेली, फोटो लावलेली. त्या दिवशी रांगेत सोनाबाई उभी होती. फोटो तिचा निघाला, नाव जनीचं आलं. दिपिका चार महिन्यांची झाल्यावर जनी कामावर परतली. तेव्हा सुपरवायझरने तिला तिच्या फोटोचं दुसरं कार्ड करून दिलं आणि पहिलं आणून फाड म्हणाला. सोनाबाईने सांगितलं, हरवलं. हरवलेलं नव्हतं. जनीने ते तिच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीत पाहिलं होतं. पण ती काही बोलली नाही.

म्हणजे नंबर मिळायचा तर तो सोनाबाईकडेच. आणि सोनाबाईशी जनी आठ वर्षं बोललेली नव्हती.

गाव उठायचं ठरलं तेव्हा घर मोजायला माणसं आली. घर थोरल्या दिराच्या, सोनाबाईच्या नवऱ्याच्या, काळूरामच्या नावावर. नव्या वसाहतीतला प्लॉट त्याला मिळणार, आणि विधवा भावजयीला वाटणीचे पैसे द्यायचे, असं पंचांनी सुचवलं होतं. त्यात गैर काही नव्हतं. पण त्या दिवसांत गावातल्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी रडत किंवा भांडत होतं. अंगणात अर्धा गाव गोळा झालेला. सोनाबाई एवढंच म्हणाली की या घरात मी चाळीस वर्षं राबले. आणि जनीच्या तोंडून निघून गेलं:

"या भिंतीला माझ्या पगाराच्या विटा हायेत. तू काय आणलंस गो, बाय? एक रुपया तरी आणलास?"

सोनाबाईने तिच्याकडे पाहिलं. सात महिने, असे दोन शब्द ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. पदर खोचून आत गेली आणि भांडी बांधू लागली. जनीला ते त्याच क्षणी कळलं होतं, पण बोललेलं गिळायला तिचा गळा तयार नव्हता. काळूराम गेला तेव्हा ती स्मशानापर्यंत गेली, बायकांच्या मागे उभी राहिली आणि चहा न घेता परत आली.

चार दिवस तिने काढले. दिपिकाने फोनवर विचारलं, झालं का? नंबर शोधतेय, एवढंच तिने सांगितलं. पाचव्या दिवशी बाजारातून वालाच्या शेंगा घेतल्या, कारण रिकाम्या हाताने जायचं कसं, आणि करंजाड्याच्या पलीकडे, पुनर्वसनाच्या वसाहतीकडे जाणारी रिक्षा केली. नवे रुंद रस्ते होते, रंगीत काचांचे बंगले होते, आणि एका वळणावर आकाशातून उतरणारं विमान इतकं खाली आलं की तिने डोकं खाली घातलं. ते जिथे टेकलं तिथे कुठेतरी त्यांचं अंगण होतं. रिक्षावाल्याने वर पाहिलंही नाही.

काळूरामचं घर तीन मजली झालं होतं. वर भाडेकरू, मध्ये पुतण्या प्रणित आणि त्याची बायको भावना. खाली जिन्याशेजारच्या खोलीत, दार उघडं टाकून, सोनाबाई जमिनीवर बसली होती. सत्तरी गाठलेली, गुडघे सुजलेले. पुढ्यात परात, परातीत कोळंबी. तिने मान वर केली, जनीला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"बस," ती म्हणाली.

जनीने शेंगांची पिशवी उंबऱ्याशी ठेवली. येताना रिक्षात चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आता आठवेना. समोर सोनाबाईचे हात चालले होते. डोकं चिमटीत, अर्धा पीळ, अंगठ्याने कवच एका झटक्यात बाजूला, पाठीतला काळा दोरा नखाने वर. कारखान्यात शिकवत तसंच. घरात कुणी असं सोलत नाही, घरात सुरी घेतात. थोड्या वेळाने जनी परातीच्या दुसऱ्या बाजूला टेकली, पदर खोचला आणि एक कोळंबी उचलली. बोटं विसरली नव्हती. बराच वेळ दोघी एकाच परातीत सोलत राहिल्या. कवचांचा ढीग दोघींच्या मधोमध वाढत गेला.

भावना चहा घेऊन आली. चुलतसासूला घरात बघून ती जरा बिचकली, पण तिचं लक्ष चटकन हातांकडे गेलं.

"तुमी दोघी एकसारख्याच सोलता," ती म्हणाली. "काकी, तुमी कंपनीत होत्या ते मना म्हायती हाय. आई, तुमी कवा शिकल्या असं?"

सोनाबाईने पुढची कोळंबी उचलली. ती तेव्हाही गप्प होती, आणि आता, स्वतःच्या सुनेपुढेही. जनीच्या लक्षात आलं, हिने हे घरात कधी कुणाला सांगितलेलंच नाही. सत्तावीस वर्षं. माझ्या नोकरीला धक्का नको म्हणून आधी, आणि नंतर कशासाठी, देव जाणे.

"तुजी सासू सात महिने कंपनीत होती," जनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझ्या नावावर. दिपिकाच्या वेळेला. पगार सगला माझ्या हातात आणून दिला. जुन्या घराची मागची खोली त्या पैशात उभी राहिली. आणि मी... मी तिला सगल्या गावापुढं म्हनले, तू एक रुपया आणला नाय."

भावनाच्या हातात ट्रे तसाच राहिला. ती हसून म्हणाली की आईंनी तर कधी काहीच सांगितलं नाही. मग वरून मुलाने हाक मारली म्हणून ती जिना चढून निघून गेली. आपण आता काय ऐकलं, ते तिला पुरतं कळलं की नाही, कोण जाणे. जनी मान खाली घालून बसली. आठ वर्षं छातीवर घेऊन हिंडलेली गोष्ट बाहेर पडली होती, आणि ऐकायला होती ती एक कालची पोर, तीही अर्धवट. ज्यांच्यापुढे बोलली होती ते पंच गेले, शेजारी विखुरले, अंगण राहिलं नाही.

"त्या लोकांना आता कुठं सांगू, बाय?" ती म्हणाली.

"शेपटी तुटतेय तुजी," सोनाबाई म्हणाली. "हलक्या हातानं घे."

परात रिकामी झाली. सोनाबाईने हात धुतले आणि आता बोल अशा नजरेने पाहिलं. जनीने सगळं सांगितलं. दिपिकाची नोकरी, हेतल, नऊ वर्षं आठ महिने, हजार रुपये. तुझे सात महिने काढले तर मला पेन्शन बसत नाही, हेही सांगितलं. जे येईल त्यातलं अर्धं दर महिन्याला आणून देईन, असं म्हणताना तिला आपलंच बोलणं हलकं वाटलं. वरच्या मजल्याचं भाडं येत होतं.

"मना पैसे नको," सोनाबाई म्हणाली. रागाने नाही, सरळ. मग भिंतीला धरून उठली, कपाटातली पिशवी काढली आणि रेशन कार्डाच्या आतून ते कार्ड काढून जनीच्या हातात दिलं.

प्लास्टिक पिवळं पडलं होतं. वर नाव जनी आनंदा, खाली तो नंबर. फोटोत पंचेचाळिशीच्या आतली सोनाबाई, टोपी नीट बसवलेली, कॅमेऱ्याकडे थोडी दचकून बघणारी, पण हनुवटी वर.

"तिथं मना सगली जनी म्हनत," सोनाबाई म्हणाली. "बस आली का खालून हाक मारायची, जनी, चल. घरात मी नुसती वैनी, प्रणितची आई, थोरली. पहिले दोन दिवस हाक मारली का वळायचीच नाय. मग वळायला लागले." तिने कार्डाकडे बोट केलं. "तवाचा माझा एकटीचा ह्योच फोटू हाय. काम झालं का परत आणून दे."

जेवून जा, असं ती म्हणाली नाही. जनी तिच्या पाया पडायला वाकली तेव्हा तिने तिच्या डोक्यावर हात टेकवला. हाताला कोळंबीचा वास होता. मग तिने शेंगांची पिशवी आत ओढून घेतली.

रात्री नऊला दिपिकाचा फोन आला. नंबर मिळाला, थोरल्या काकूकडे होता, असं जनीने सांगितलं. तुझ्या जन्माच्या वेळी काय झालं ते सांगू का, असं विचारलं. दिपिकाच्या बाजूला कुणीतरी हसत होतं, ती मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला आली होती. उद्या सांग ना आई, निवांत, ती म्हणाली. मग म्हणाली की तिने पेन्शनचा भाग काढला नाही, पुढे जोडून घ्यायला सांगितलंय. बरं झालं, असं म्हणून जनीने फोन ठेवला, कडी एकदा हलवून बघितली आणि कार्ड टीव्हीला टेकवून उभं केलं. टीव्हीवर कुणी कुणाशी तावातावाने बोलत होतं. खाली सोनाबाई हनुवटी वर करून जनीकडे बघत होती.

सकाळी हेतलने कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, मग जनीकडे पाहिलं.

"ह्या तुम्ही?"

"नाही," जनी म्हणाली. "माझी जाऊ. नंबर माझा आहे."

मागे आधार कार्डवाल्यांची रांग होती. हेतलने भुवया उंचावल्या. नंबर टाइप केला, वाट पाहिली आणि स्क्रीन जनीकडे वळवली. नाव होतं. कामावर आल्याची तारीख होती, सोडल्याची तारीख होती. मध्ये नऊ वर्षं आठ महिने एकसलग. सात महिन्यांचं ठिगळ कुठे लावलंय, ते कुठूनच दिसत नव्हतं. जनीने डोळे बारीक करून पाहिलं.

कंपनी बंद असल्याने फॉर्मवर बँकेच्या साहेबांची सही लागेल, फोटो लागतील, आणि पेन्शन सुरू झाली की दरवर्षी एकदा हयातीचा दाखला द्यावा लागेल, असं हेतलने सांगितलं. दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, तुम्ही या, मी करून देईन. मग कार्ड परत देत म्हणाली, "हे आता लागणार नाही काकी. नंबर मी लिहून घेतला. तुम्हीही घरीच लिहून आणला असता तरी चाललं असतं."

जनी कार्ड घेऊन बाहेर आली. खरंच की. सोनाबाईकडे पेन होतं, भावना लिहिणारी होती, कागदाचा एक चिठोरा पुरला असता. आकडे उतरवून घ्यायला दोन मिनिटं लागली नसती. सोनाबाईला हे कळलं नसेल असं नाही. पगाराची पाकिटं सात महिने न फोडता आणून देणारी बाई होती ती.

नाक्यावर रिक्षा उभ्या होत्या. बँकेचं काम होतं, फोटो काढायचे होते, दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. जनीने कार्ड पदराने पुसलं, पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवलं आणि पहिल्या रिक्षावाल्याला विचारलं, करंजाड्याच्या पुढं येणार का.